खुबा मोडला तेव्हा : आजीच्या साठ वर्षांच्या कारभाराची नोंद

२०१४ च्या जूनमध्ये, पाऊस लागायच्या आधीच्या आठवड्यात, आजी पहाटे साडेचार वाजता मोरीत पडली. तेव्हा ती ७९ वर्षांची होती. दिवा लावला नव्हता. लावला की बाहेरच्या खोलीत झोपलेल्या माझ्या धाकट्या भावाच्या तोंडावर उजेड येतो, म्हणून ती कित्येक वर्षं अंधारातच उठत होती. पडल्यावर तिने हाकही मारली नाही. पाच वाजता दूधवाल्याने दोनदा बेल वाजवली, दार कुणी उघडेना, तेव्हा आई उठली. आजी मोरीच्या भिंतीला टेकून बसली होती. डावा पाय बाहेरच्या अंगाला वळलेला आणि बोटभर आखूड दिसत होता. आईला ती म्हणाली, “आधी दूध घे. तो थांबलाय.”

खुबा मोडला होता. दवाखान्यात दाखल करताना फॉर्ममध्ये ‘व्यवसाय’ असा रकाना होता. बाबांनी सांगितलं, “काही नाही, घरीच असते.” खिडकीमागच्या माणसाने तिथे आडवी रेघ मारली. बाबांचा त्यात काही दोष नव्हता. मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच सांगितलं असतं.

मी समाजकार्याचं शिक्षण घेतलं आहे. अनोळखी कुटुंबांचे प्रकरण अभ्यास मी बरेच लिहिले: घरात माणसं किती, मिळवतं कोण, निर्णय कुणाचा, अडचण आली तेव्हा काय केलं. स्वतःच्या घराचा अभ्यास करावा असं कधी मनात आलं नव्हतं. आजी अंथरुणाला खिळली त्या महिन्यांत घरात एकेक गोष्ट बंद पडत गेली आणि मी वही काढली. ही नोंद त्या वहीतून, आजीशी खाटेशेजारी बसून झालेल्या बोलण्यातून आणि तिच्या कॅलेंडरांतून केली आहे. कॅलेंडरांकडे पुढे येतेच.

आधीचं

आजीचं माहेर भोर तालुक्यातलं, नीरेच्या काठचं. जन्म १९३५ चा. मराठी चौथीपर्यंत शाळा झाली. पुढे फायनलला, म्हणजे सातवीच्या परीक्षेला, बसायची तिची फार इच्छा होती, पण घरात धाकटी भावंडं सांभाळायला कुणी नव्हतं. १९५३ मध्ये लग्न होऊन ती पुण्यात नारायण पेठेतल्या एका वाड्यात आली. आजोबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, सायकलवरून जाऊन-येऊन.

१२ जुलै १९६१ चा दिवस तिला मिनिटामिनिटाने पाठ होता. पानशेतचं बांधकाम पुरं व्हायच्या आतच धरणात पाणी साठलं होतं. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती टाकली, तरी सकाळी धरण गेलं, आणि दुपारी ते पाणी पोटात न मावून खडकवासल्याचं धरणही फुटलं. पेठेत “पाणी आलं, पाणी आलं” असा पुकारा झाला तेव्हा आजोबा कारखान्यात होते. घरात आजी, तीन वर्षांची आत्या आणि आठ महिन्यांचे बाबा. शेजारच्या बायका दागिन्यांचे डबे शोधत होत्या. आजीने बाळ काखेत मारलं, मुलीचा हात धरला, रेशनकार्ड कमरेला खोचलं आणि पिण्याच्या पाण्याने भरलेली लहान कळशी उचलली. पूर आला असताना पाणी कसलं नेतेस, असं कुणीतरी तिला म्हणालंही. तिने माहेरी नीरेचा पूर पाहिला होता. पुरात प्यायला पाणी मिळत नाही, एवढं तिला ठाऊक होतं.

खडकवासला फुटल्यावर पुण्याचे नळच कोरडे पडले. जुन्या विहिरी पुन्हा उपसाव्या लागल्या, त्यांच्यावर रांगा लागल्या. बाबांच्या दुधाच्या पावडरीत दोन दिवस त्या कळशीतलं पाणी मिसळलं गेलं. रेशनकार्ड जवळ असल्यामुळे धान्य आधी मिळालं. वाडा पूर्ण बसला होता.

या प्रसंगात मला तिचं धाडस दिसतं, पण त्याहून जास्त तिचा अंदाज दिसतो. आता काय लागेल, त्यातलं नंतर विकत मिळणार नाही ते कोणतं, हे तिने पाच मिनिटांत ठरवलं. ती तेव्हा २६ वर्षांची होती.

पूरग्रस्तांसाठी गोखलेनगरला अर्धगोल छपराची घरं बांधली गेली, त्यांना सगळे निसेन हट म्हणत. त्यांतलं एक आमच्या वाट्याला आलं. भिंत आणि छप्पर एकच असल्यामुळे भिंतीवर फळी ठोकता येत नसे आणि कपाट भिंतीला लावता येत नसे. कपाटामागे जी तिरपी जागा उरे तिथे आजीने गहू-ज्वारीची पोती ठेवायला सुरुवात केली. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर तांबडी मिलो ज्वारी मिळू लागली, तिची भाकरी थापताना तुटते. आजी पिठाची आधी उकड काढून मग भाकऱ्या थापायची. आत्या सांगते, आमच्या रांगेतल्या अर्ध्या बायकांनी ते तिच्याकडून घेतलं.

कॅलेंडरं

आजी पडल्यावर चौथ्या दिवशी तिच्या गादीखालून चादर काढताना मला कॅलेंडरांचा गठ्ठा सापडला. कालनिर्णय १९७३ साली सुरू झालं, आणि आमच्याकडे पहिल्याच वर्षापासूनची जवळजवळ सगळी होती. मधली दोन-तीन उंदरांनी कुरतडलेली. प्रत्येक तारखेच्या चौकोनात शिसपेन्सिलीने बारीक अक्षर. ‘दूध १ जास्त.’ ‘सिलेंडर लावला.’ ‘इस्त्री ११, आले ९.’ ‘ताप, दोन गोळ्या.’ ‘विजेचे बिल १८ ला.’ ‘भिशी दिली.’ ‘उडीद धुतले.’ ‘वन्सं आल्या, रागात.’ ‘वन्सं गेल्या, बरे बोलल्या.’

मी त्यातली वीस-बावीस वर्षं ओळीने वाचली. तेव्हा कळलं की हे नुसतं टिपण नव्हतं, घर चालवायचं यंत्र होतं. सिलेंडर लावल्याच्या तारखा जोडून पाहिल्या, तर हिवाळ्यात तो २४ दिवस चाले आणि उन्हाळ्यात २८. आजी दर वेळी विसाव्या दिवसाच्या आसपास ‘नंबर लावला’ असं लिहायची. त्या गठ्ठ्यात सिलेंडर अचानक संपल्याची नोंद मला एकदाही दिसली नाही. ती पडल्यानंतर अकराव्या दिवशी आमच्याकडे रात्री आठ वाजता गॅस गेला. दुसरा सिलेंडर रिकामाच होता. तो भरून ठेवायचा असतो, हे चार शिकलेल्या माणसांपैकी एकालाही माहीत नव्हतं.

दुसरी होती आहेराची वही. कुणाच्या लग्नात आपण काय दिलं, आपल्या कार्यात त्यांनी काय दिलं, रोख किती, खण की पातळ, कुणी आलं नाही आणि का आलं नाही. पहिली वही पुरात गेली होती. पूरग्रस्तांना एका शाळेत ठेवलं होतं. तिथे आजीने कुणाची तरी पेन्सिल मागून घेतली आणि तोवरच्या आठ वर्षांचे आहेर आठवून पुन्हा लिहिले. १९५७ च्या आधीचे आकडे रुपये-आण्यांत आहेत, नंतरचे नव्या पैशांत. घर वाहून गेलेली बाई आठवड्याच्या आत नात्यांचं देणंघेणं लिहायला बसते, याचा मी खूप विचार केला. मला वाटतं, घर परत उभं करायचं तर कुणाकडे शब्द टाकता येईल आणि कुणाचं आपल्यावर आधीच आहे, हे तिला सगळ्यात आधी माहीत असायला हवं होतं. मदत खरोखरच त्या वहीतल्या माणसांकडून आली: पातेली, दोन गोधड्या, आजोबांच्या सायकलचे टायर.

काय काय थांबलं

पहिल्यांदा दही गेलं. विरजण कोणत्या भांड्यात असतं, कधी लावायचं, पावसाळी हवेत दूध किती कोमट हवं, कुणाला काही ठाऊक नव्हतं. तिसऱ्या दिवशी जुनं विरजण आंबून बुरसलं, ते आईने टाकून दिलं. आईचा हात क्षणभर थांबला होता. “माझ्या लग्नाच्या आधीपासूनचं असेल गं हे,” ती म्हणाली. आईने ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी केली. ती सकाळी साडेसहाला निघू शकत होती, कारण तिच्या मागे आजी होती. हे आई कुणापेक्षाही जास्त जाणून होती आणि त्या दिवसांत ती सगळ्यात जास्त अपराधी वाटून घेत होती.

मग धान्याला कीड लागली. आजी मे महिन्यात गहू उन्हात घालून डब्यात भरायची, डाळीला एरंडेल चोळायची. त्या वर्षी तूरडाळ आणून तशीच ठेवली होती आणि ती करायच्या आत आजी पडली. जुलैत डबा उघडला तर डाळीत भुंगे होते. मावसकाकांकडच्या लग्नाला बाबा वही न बघता गेले आणि आमच्या आत्याच्या लग्नात ज्यांनी अडचणीच्या वेळी मोठी रक्कम दिली होती त्यांच्या हातात पाचशे एकचं पाकीट देऊन आले. बाबा घरी आल्यावर आजीने किती दिलं एवढंच विचारलं आणि ती कुशीवर वळली. मग बाबा पुन्हा गेले, साडी घेऊन.

भांडी घासायला येणाऱ्या मावशी १७ वर्षं आमच्याकडे होत्या. त्यांचं या प्रकरणातलं स्थान मी सुरुवातीला धरलंच नव्हतं, ही माझी चूक. आजीच्या कारभाराची सगळ्यात जास्त माहिती त्यांना होती. रवाळ तूप कसं कढवायचं, कुणाच्या डब्याला तिखट कमी, पाणी कोणत्या दिवशी उशिरा येतं, हे त्या सांगायच्या. रोज काम संपल्यावर आजी त्यांना बसवून चहा द्यायची आणि दहा मिनिटं दोघी बोलायच्या. त्या दहा मिनिटांत अर्धा कारभार व्हायचा, हे आम्हाला त्या दिवसांत कळलं.

मी हे सगळं लिहीत गेले तेव्हा एक शब्द खटकायला लागला. आजीबद्दल नातेवाईक येऊन बोलत, त्यात प्रत्येक वेळी ‘माया’ आणि ‘त्याग’ असायचं. माया तर होतीच, उदंड होती. पण मायेने सिलेंडर भरून येत नाही. आपल्याकडे नवरा बायकोला ‘कारभारीण’ म्हणतो, तो शब्द जुना आणि नेमका आहे. आजी कारभार करत होती: साठा, आगाऊ तजवीज, उधारी, माणसं, निर्णय. कारभारातलं कौशल्य मायेच्या खात्यावर मांडलं की ते शिकायची गरज कुणाला वाटत नाही. आम्हाला वाटली नव्हती.

मोजमाप

जनगणनेत फक्त घरकाम करणारी बाई ‘काम न करणाऱ्यां’त मोजली जाते. आजी आयुष्यभर त्याच रकान्यात राहिली. २०१९ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. त्यात घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाया दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवतात असं दिसलं, तसं काम करणारे पुरुष ९७ मिनिटं. मी हा आकडा आजीला वाचून दाखवला. ती म्हणाली, “पाचच तास? आणि लक्ष कुठे ठेवतात ते कोण मोजतं?” ती पाहणी दिवसाचे अर्ध्या अर्ध्या तासाचे तुकडे पाडून झाली होती. पोळ्या लाटताना कुकरच्या शिट्ट्या मोजणं आणि त्याच वेळी नातवाचा खोकला ओला की कोरडा हे ऐकणं त्या तुकड्यांत मावणं अवघड आहे.

न्यायालयांनी मात्र या कामाला रुपयांत बसवायचा प्रयत्न केला आहे, कारण अपघातात गृहिणी गेली तर भरपाई ठरवावीच लागते. जमशेदपूरला १९८९ मध्ये एका समारंभात आग लागून अनेक बायका-मुलं गेली. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये ३४ ते ५९ वयाच्या गृहिणींच्या कामाचं मोल महिन्याला ३,००० रुपये धरलं आणि ६२ ते ७२ वयाच्या बायकांचं वर्षाला २०,००० रुपये. म्हणजे आजीच्या वयाच्या आसपासच्या बाईचे दिवसाचे सुमारे ५५ रुपये. शून्यापेक्षा ते पुष्कळ पुढचं पाऊल होतं हे मान्य आहे. पण साठीनंतर मोल उतरतं हे गृहीतक आमच्या घरात तरी उलटं निघालं. आजी सर्वांत जास्त कामाची झाली ती साठीच्या आसपास आणि त्यापुढे: आई नोकरीवर, आम्ही दोघं लहान आणि १९९६ ला गेलेले आजोबा त्याआधीची चार वर्षं लकव्याने अंथरुणावर. जानेवारी २०२१ च्या दुसऱ्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने घर सांभाळणाऱ्याचं काल्पनिक उत्पन्न धरणं ही त्या श्रमाची दखल आहे असं ठामपणे मांडलं आणि वर दिलेले मिनिटांचे आकडेही त्यात घेतले. तो निकाल वाचताना मला दवाखान्यातली आडवी रेघ आठवली.

तिच्या स्वतःच्या वाट्याचं

आता या प्रकरणातली सगळ्यात अवघड बाजू. शस्त्रक्रिया तिसऱ्या दिवशी झाली, अर्धा सांधा बदलला. डॉक्टरांनी सांगितलं की हाडं फार ठिसूळ झाली आहेत, आणि ती दूध किती घेते असं विचारलं. आम्ही एकमेकांकडे बघितलं. मी घरी येऊन कॅलेंडरं काढली. दुधाचे वाटे काही वर्षी मागच्या बाजूला लिहिलेले आहेत. बाबा पाव लिटर, मुलं पाव-पाव, चहा, विरजण. आजीच्या नावाचा वाटा मला कुठेच सापडला नाही. ती सगळ्यांच्या मागून जेवायची, सकाळची पोळी उरली असेल तर ती खायची. वर्षभर तिला उठताना चक्कर येत होती, ते तिने मावशींना सांगितलं होतं, आम्हाला नाही.

मी तिला विचारलं, असं का? ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “सवय गं. वाटताना शेवटी जे राहतं ते आपलं, असंच आईने शिकवलं.” नंतर स्वतःहून म्हणाली, “चुकलंच ते. मी पडले नसते तर तुम्हाला एवढा त्रास झाला नसता.” त्यातही तिने आमचाच त्रास मोजला. तिच्या कारभारातली खरी चूक कुठली म्हणाल तर ही. दुसरीही एक होती, आणि ती आमच्याशी वाटून घ्यायला हवी: तिने स्वयंपाकघरात कुणाला शिरू दिलं नाही. “तू जा, अभ्यास कर” हे तिचं वाक्य ऐकत मी वाढले. तिला शिकता आलं नव्हतं, म्हणून मी शिकावं यासाठी ती मला ओट्यापासून हाकलत राहिली. मी त्याचं मोल ओळखते. पण त्यामुळे तिचं ज्ञान तिच्याजवळच राहिलं.

खाटेवरून

ऑगस्टपासून ती वॉकर धरून चालायला लागली. जमिनीवर मांडी घालायची नाही असं सांगितलं होतं, आणि तिथेच तिचं सगळ्यात मोठं नुकसान झालं. तिची विळी गेली. साठ वर्षं ती विळीवर बसून भाजी चिरत होती, नारळ खवत होती. आता खुर्चीत बसून, मांडीवर पाट ठेवून सुरीने चिरायचं. पहिल्या दिवशी दुधी चिरताना तिचे डोळे भरून आले. “सुरीने फोडी सारख्या होत नाहीत, मग शिजतात पुढे-मागे,” ती म्हणाली. महिन्याभराने तिचा सुरीवरही हात बसला. विळी आम्ही टाकली नाही. ती ओट्याखाली आहे.

स्वयंपाकघराच्या दारात तिची खुर्ची ठेवली आणि तिथून ती सांगायची. माझा भाऊ तेव्हा १९ वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. त्याच्यामुळे तिने दिवा लावला नव्हता हे त्याला लागलं होतं. तो त्याबद्दल कधीच बोलला नाही. मावशींच्या घरून वाटीभर विरजण आणलं ते त्याने. आजीने मुळात मावशींना दिलेलंच ते होतं, सात-आठ वर्षांपूर्वी, त्यामुळे ते परत घरी आलं. दूध किती कोमट, हे तिने त्याला करंगळी बुडवून शिकवलं: “चटका नको, पण ऊब कळली पाहिजे.” तीन दिवस दही पातळ झालं, चौथ्या दिवशी लागलं. रात्री मोरीत छोटा दिवा कायमचा सुरू राहू लागला. दुधाच्या हिशेबात आजीचा पेला आला, आणि तो ती पिते की नाही हे बघायचं काम बाबांनी घेतलं. पहिले काही दिवस तिने तो चहात ओतला. बाबा समोर बसून राहायचे.

ती पुढे साडेआठ वर्षं जगली. पापडाचं पीठ तिने पुन्हा कुटलं नाही, पण लाट्या ती करायची. आईच्या निवृत्तीनंतर दोघींनी मिळून आहेराची वही नव्या वहीत उतरवली, आजी सांगायची आणि आई लिहायची. कॅलेंडर ती स्वतःच लिहायची. २०२१ नंतर अक्षर मोठं आणि वाकडं होत गेलं आणि चौकोनाबाहेर जाऊ लागलं.

जानेवारी २०२३ मध्ये, ८७ व्या वर्षी, झोपेतच ती गेली. त्या महिन्याच्या पानावर तिच्या हातची शेवटची नोंद ५ तारखेची आहे: ‘सिलेंडर लावला.’

तेराव्याला पस्तीस-चाळीस माणसं जेवायची होती. साडेदहाला, वरण उकळत असताना, गॅस गेला. आत्या घाबरून बाहेर आली. भावाने गॅलरीतला भरलेला सिलेंडर आत आणला, वायसर बघितला, लावला, काडी ओढली. मग हात धुऊन तो भिंतीजवळ गेला. दोऱ्याला बांधलेली तिची पेन्सिल तिथेच लोंबत होती.